तौवूला आलेला ताप

थट्टा

पोनीपातेला ताप आला ही बातमी नामाकेता गावात सर्वांत आधी तोरीकाला कळायला हवी होती, कारण गावात नर्स ती एकटीच. पण तिला ती कळली सर्वांत शेवटी. दुकानदाराला कळली, पाद्रीबाबांना कळली, धक्क्यावर जाळी सांधत बसलेल्या म्हाताऱ्यांनाही कळली. पोनीपातेनं बायकोला बजावूनच ठेवलं होतं, "गावभर सांग हवं तर. फक्त त्या बाईला सांगू नकोस."

"नर्सला नाही सांगायचं, तर सांगायचं कुणाला?" वासीती म्हणाली.

"नर्सलाच सांग. पण दुसऱ्या एखाद्या नर्सला."

दुसरी नर्स समुद्रापलीकडे होती.

कारण सरळ होतं. तोरीका वाइलोआ गावची, आणि वाइलोआ म्हणजे नामाकेताचं तौवू गाव. फार पूर्वी वाइलोआच्या मूळपुरुषानं नामाकेताच्या मूळपुरुषाचं भाजलेलं कासव खाल्लं. दोघे सख्खे भाऊ. तेव्हापासून ही दोन गावं त्या एका कासवाची भरपाई एकमेकांकडून वसूल करत आली आहेत. तौवूच्या घरातली वस्तू न विचारता उचलावी. तौवूला चारचौघांत वाटेल ते बोलावं. इतरांशी अहो-जाहो, तौवूशी अरे-तुरे. आणि तौवूनं रागवायचं नाही. रागावला तो हरला.

तोरीका बदली होऊन आली त्या दिवशी पोनीपातेनं धक्क्यावरूनच तिची गादी खांद्यावर टाकली आणि घरी नेली. गादी अजून त्याच्या ओसरीवर होती. तो तिच्यावर झोपत नसे. त्याचा कुत्रा झोपे.


अर्धी थट्टा

(अर्धी अशासाठी, की हिचा दुसरा अर्धा भाग पुढे महागात पडणार आहे.)

गादीची परतफेड तोरीकानं केली ती अशी. पोनीपातेला प्रवाळाचा खडक लागून भुवईवर जरासं खरचटलं होतं. तिनं जखम पुसली, औषध लावलं, आणि मग पट्टी बांधायला घेतली ती थांबेचना. कपाळ, कान, हनुवटी, मान, डोळ्यांपुरती फट. शेवटची गाठ मारून, कपाळाला आठ्या घालून, हलक्या आवाजात ती म्हणाली, "रविवार होईपर्यंत सोडू नकोस. हललं तर कान सुटतील."

रविवारी चर्चमध्ये तो तसाच बसला. भजनाला तोंड उघडता येईना, म्हणून नुसता घशातून सूर लावत होता. शेवटी म्हाताऱ्या कितिओनेमामानं मागच्या बाकावरून विचारलं, "भाच्या, तुला नेमकं झालंय काय?" पोनीपातेनं पट्टीआडून कसंबसं सांगितलं. अख्खं चर्च हसलं. पाद्रीबाबांनी प्रार्थनेसाठी डोळे मिटायला सांगितले, ते स्वतःचे ओले डोळे लपवायला.

पोनीपाते रागावला नाही. तौवू म्हणून त्याची मान ताठच राहिली. पण त्या दिवशी त्यानं मनाशी एक नियम केला: नर्सचा चेहरा जितका गंभीर, तितकी थट्टा मोठी.

हा नियम त्यानं सगळीकडे लावला. तोरीका गावभर हिंडून डबे, करवंट्या, जुने टायर पालथे घालायची, साचलेल्या पाण्यात डास होतात म्हणून. पोनीपातेच्या घरामागे एक पिंप होतं. समुद्रावरून आलं की त्यात गोडं पाणी भरून तो होडीचं इंजिन बुडवून चालवायचा, आतलं मीठ धुऊन निघावं म्हणून. त्या पाण्यात अळ्या वळवळत होत्या. तोरीकानं चेहरा गंभीर करून सगळं समजावलं आणि पिंप पालथं केलं.

"वा!" पोनीपाते म्हणाला, आणि बादल्या वाहून त्यानं ते पुन्हा भरलं. काठोकाठ. ती पालथं करायची, तो भरायचा. गावात बाकी कुठे पाण्याचा थेंब साचू दिला जात नसे. तेवढं एक पिंप मात्र कायम भरलेलं असे.


थट्टा, पुढे चालू

शेवटी वासीती स्वतःच दवाखान्यात आली. हाताआड हसू होतं, पण डोळे हसत नव्हते.

"कालपासून अंग चुलीसारखं तापलंय. पपईचा पाला वाटून दिला. थुंकून टाकला, म्हणाले, ही कृती नर्सनंच दिली असणार."

तोरीका पिशवी घेऊन निघाली. दारातूनच ओरडली, "मेलास का रे, तौवू?"

"थांबलोय," आतून आवाज आला. "मी मेलो की तू भांडी उचलायला येशील. आधी भांडी लपवतो, मग मरतो."

"भांडी कशाला? माझी गादी दे."

"कुत्र्याला विचार. आता त्याची आहे."

तोंड चालू होतं तोवर तोरीकाचे हात आपलं काम करत होते. कपाळ. नाडी. छातीवरचा लालसर भपका, उकडलेल्या खेकड्यासारखा. डोळे अर्धे मिटलेले. उजेडाकडे तो बघत नव्हता.

"डोळे दुखतात?"

"तू समोर आलीस की दुखतात."

"आतून? बुबुळांच्या मागे?"

त्यानं मान तिच्याकडे वळवली. हळूच म्हणाला, "तुला कसं कळलं?"

"आणि हाडं?"

"रात्रभर कुणीतरी मुसळानं कुटलंय मला. हीच असेल."

"मी कुटलं असतं," वासीती म्हणाली, "तर तुम्ही एवढं बोलत नसता."

तोरीका हसली. आणि मग, हीच तिची चूक झाली, ती हसायची थांबली.

"तौवू, ऐक. मला हा डेंग्यू वाटतोय. खाडीपलीकडे दोघांना निघालाय. बोटाला टोचून एक थेंब रक्त घेते, तपासणीच्या पट्टीवर टाकते, थोडं थांबायचं. तेवढ्यानं कळेल."

पोनीपातेनं डोळे उघडले. तापानं लाल झालेल्या त्या डोळ्यांत आनंद मावेना.

"आला! बघ, वासीती, आला! तो चेहरा आला!"

"कुठला चेहरा?"

"कान सुटायचा! तोच! रक्त हवंय हिला. आज रक्त, उद्या डुक्कर!" हसता हसता त्यानं डोकं दाबून धरलं. हसण्यानंही दुखत होतं.

त्याच्या उशाशी गोळ्यांची एक पुडी होती. धक्क्यावरच्या कुणी तरी अंगदुखीसाठी दिलेली. तोरीकानं उघडून पाहिलं. अ‍ॅस्पिरिन. तिनं पुडी खिशात टाकली आणि स्वतःच्या पिशवीतल्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या ठेवल्या. "त्या घेऊ नकोस. डेंग्यू असला तर त्यांनी आतून रक्त वाहायला लागतं."

"ने, ने. तुझा हक्कच आहे," तो उदारपणे म्हणाला. "उशीही ने."


थट्टा: एक पट्टा, बरेच ठिपके

दुसऱ्या दिवशी ती रक्तदाब मोजायचा पट्टा घेऊन आली. रक्त मागितलं नाही. नुसता पट्टा दंडाला गुंडाळला, फुगवला, आणि तसाच ठेवला.

"सोड आता."

"थांब जरा."

"हात मुंग्यांनी भरलाय."

"तुझ्या हातांना कामाची सवय नाही, म्हणून."

ओसरीवर बघ्यांची गर्दी झाली होती. तौवूनं तौवूला बांधून ठेवलंय हे बघायला कोण येणार नाही? कितिओनेमामाही आपली चटई घेऊन आला. कुणी म्हणालं, दोन्ही हात बांध. कुणी म्हणालं, तोंडालाही बांध.

तोरीकानं पट्टा सोडला. कोपराच्या वाकणीखाली, गोऱ्यासावळ्या आतल्या कातडीवर बारीक लाल ठिपके उमटले होते. दाटीनं, सुईनं टोचून काढल्यासारखे.

ओसरीवरचं हसू थोडं विरलं. पोनीपातेचं नाही.

"रंग!" तो म्हणाला. "पट्ट्याला आतून रंग लावून आणलाय. वासीती, साबण."

वासीतीनं साबण आणला. नारळाची शेंडी आणली. घासलं. ठिपके गेले नाहीत. तिनं पुन्हा घासलं, जोरात, आणि मग तिचा हात आपोआप हळू झाला. तिनं तोरीकाकडे पाहिलं.

"पक्का रंग आहे," पोनीपातेनं निकाल दिला. "सरकारी."


ही थट्टा नाही

तिथून परत येऊन तोरीका दवाखान्याच्या पायरीवर बसली. एकटी माणसं बसतात तशी.

ठिपके डेंग्यूबद्दल खूप काही सांगत होते, पण सगळं नाही. इथे ताप एक तऱ्हेचा नसतो. डेंग्यू असतो. चिखलातून, उंदरांच्या मुतातून येणारा असतो, त्याला वेगळी औषधं लागतात आणि ती लवकर लागतात. विषमज्वर असतो. सुरुवातीला सगळे एकमेकांचे कपडे घालून येतात. कपाटात तपासणीच्या पट्ट्यांचा खोका होता आणि त्यातली एक पट्टी नुसता एक थेंब मागत होती.

तिनं मोठ्या बेटावरच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, तपासणी करून घे. पाणी पाजत राहा. आणि ताप उतरेल तेव्हा जप. घरच्यांना वाटतं माणूस सुटला. डेंग्यूत कधी कधी तिथूनच खरं सुरू होतं. पोटात दुखलं, उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, हातपाय गार पडले, तर एक क्षण थांबायचं नाही. सरळ होडीत घालायचं.

"तो होडीत बसणार नाही, डॉक्टर. माझ्या सांगण्यावरून तर नाहीच."

"का?"

"मी त्याची तौवू आहे."

डॉक्टरांना आणखी काही सांगावं लागलं नाही. तेही याच बेटांवरचे होते. म्हणाले, "अरे देवा."

पाद्रीबाबांना तिनं पाठवून पाहिलं. पोनीपातेनं त्यांना सांगितलं, तुम्हालाही तिनं फितवलंय. चार दणकट पोरांना सांगून त्याला धरता आलं असतं. झोपेत टोचता आलं असतं. तौवूच्या घरातलं काहीही न विचारता उचलता येतं, मग रक्त का नाही? तिनं हा विचार करून पाहिला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. नर्स म्हणून विचारल्याशिवाय घेता येत नाही. आणि तौवूनं विचारलं, तर मिळत नाही.

रोज त्याच्या घरी जाऊन ती शहाळ्याचं पाणी, भाताची पेज पाजत राहिली. ते तो घेत होता, वर म्हणत होता, "विष कमी पडतंय, आणखी घाल." त्याच्या थट्टेला ती थट्टेनं उत्तर देत होती. काळजीचा चेहरा केला तर तो हसायचा. हसरा चेहरा केला तर तोही हसायचा. तिच्याकडे तिसरा चेहरा नव्हता.


ताप उतरला

आणि मग एका सकाळी तो उठून बसला.

अंग गार. उकडलेला कसावा मागितला. गाणं म्हटलं. कुत्र्याला गादीवरून हाकललं आणि पुन्हा बोलावलं. दुपारी त्याच्या पुतणीच्या लग्नाचं जेवण होतं, आणि जमिनीतल्या भट्टीचे दगड तापवायला नामाकेतात त्याच्याशिवाय कुणाला येतं?

"तौवूला सांगा," तो रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला ओरडून सांगत होता, "तिचा डेंग्यू तिला परत पाठवलाय!"

तोरीका कपडे वाळत घालत होती. तिला ही बातमी त्या दिवशी सर्वांत आधी कळली, आणि तिच्या हातातली चादर खाली पडली.

ती निघणार इतक्यात वासीती धावत आली. मुठीत काहीतरी होतं. मूठ उघडली. दात घासायचा ब्रश. त्याचे केस लाल झालेले.

"हा मी रंगवलेला नाही," वासीती म्हणाली.

"आणि?"

"केळीमागे जाऊन दोनदा ओकले. मला दिसू नये म्हणून. पोटावर हात दाबून बसलेत आणि म्हणतात कसावा जास्त झाला. दोन घास खाल्लेत, बाई. दोन घास." तिनं ब्रश तोरीकाच्या हातात कोंबला. "मी बोलले तर म्हणतात, बायको. तू बोललीस तर म्हणतात, तौवू. मग ऐकायचं तरी कुणाचं या माणसानं?"

तोरीका तिच्याकडे बघत राहिली. मग वासीतीच्या खांद्यावरून पलीकडे, पोनीपातेच्या स्वयंपाकाच्या छपराकडे. तिथे पत्र्यावर यांगोनाच्या मुळ्या वाळत होत्या, पाण्यात कुटून प्यायच्या आणि थोरांपुढे मागणं मांडताना ठेवायच्या. बारा महिने माती उकरून, सोलून, धुऊन उन्हात टाकलेल्या, जाळ्याच्या निळ्या दोरीनं बांधलेल्या जुड्या.

"वहिनी," ती म्हणाली, "कितिओनेमामांना घरात बसवून ठेवा. आणि मला एक शिडी हवी."


(या भागाला नाव नाही, कारण इथे शेवटचा शब्द सोडला तर कुणी मोठ्यानं काही म्हणत नाही)

ती इस्त्रीचा लांब झगा घालून आली. खाली लुंगीसारखा सुलू गुंडाळलेला. केस विंचरलेले. चपला पायरीखाली काढल्या. मानाच्या वरच्या दारानं नाही, खालच्या दारानं आली. वाकून, जवळजवळ रांगत, आणि दाराशीच चटईच्या कडेला बसली.

पोनीपाते भिंतीला टेकून बसला होता. तिला बघताच त्याचं तोंड उघडलं. टोमणा ओठावर तयार होता. मग त्याला तिच्या मांडीवरची जुडी दिसली.

यांगोनाची मुळी. निळी दोरी.

"ती माझी..."

कितिओनेमामा खाकरला. पोनीपातेनं तोंड मिटलं.

तोरीकानं दोन्ही तळहात पोकळ करून एकमेकांवर मारले. खोल, पोकळ आवाज. पुन्हा. पुन्हा. ओसरीवर आलेली माणसं जिथे होती तिथे खाली बसली. डोक्यावरच्या टोप्या निघाल्या. कुणीतरी पोराला गप्प केलं. मुळी पुढे ठेवली की घर बदलतं, थट्टा दाराबाहेर राहते. मग ते घर कुणाचंही असो, मुळी कुणाचीही असो. बायका सहसा अशा पुढे बसून बोलत नाहीत. पण तौवूला अडवणार कोण?

"या घराच्या थोरांपुढे," ती म्हणाली. "या घराच्या चुलीपुढे. रिकाम्या हातानं बोलू नये म्हणून ही मुळी. लहानशी आहे."

ती छपरावरची सर्वांत मोठी जुडी होती. पोनीपातेला ते माहीत होतं. त्याचे ओठ हलले आणि थांबले.

"मी वाइलोआची लेक. आमच्या वाडवडिलांनी तुमचं कासव खाल्लं. तुमच्या वाडवडिलांनी आम्हाला माफ केलं नाही, याबद्दल आम्ही तुमचे आभारी आहोत." ओसरीवर कुणीतरी नाकातून हसलं आणि लगेच गप्प झालं. "मी एक मागणं घेऊन आले आहे. पोनीपाते, तुमच्या बोटातला रक्ताचा एक थेंब मला द्यावा. तो थेंब जे सांगेल, ते तुम्ही ऐकावं. मी तुम्हाला पुष्कळ खोटं सांगितलं. पुढेही सांगेन. मी तुमची तौवू आहे. पण हे खोटं नाही. तुम्ही मरावं असं मला वाटत नाही."

तिनं त्याला 'तुम्ही' म्हटलं. पहिल्यांदाच. पोनीपातेच्या अंगावर काटा आला आणि या खेपेला तो तापाचा नव्हता.

तिनं मुळी पुढे सरकवली आणि डोकं खाली घातलं.

कितिओनेमामानं जुडी दोन्ही हातांनी उचलली. वजन जोखलं. वास घेतला. मग थोरांनी अशा वेळी बोलायचं ते तो बोलला. मुळी पोचली, मागणं पोचलं, मागणारी लेक आणि देणारं घर दोन्ही सुखरूप राहोत, आजार समुद्राच्या पलीकडे जावो. पण शेवटी त्यानं एक गोष्ट केली, जी तो एरवी करत नसे. जुडी भाच्यापुढे धरली.

आता पोनीपातेनं तिला हात लावायचा होता. लावला की दिलं. नाही लावला तर पुढे ठेवलेली मुळी नामाकेता गावानं नाकारली, आणि असं कुणी कधी केल्याचं कुणाच्या बापानंही ऐकलं नव्हतं.

त्यानं निळी दोरी पाहिली. स्वतःच मारलेली गाठ पाहिली.

त्यानं हात लावला.

"खरं आहे," मामा म्हणाला, विधीतला शेवटचा शब्द.

"खरं आहे," ओसरी म्हणाली.

"खरं आहे," वासीती सर्वांपेक्षा मोठ्यानं म्हणाली.

पोनीपातेनं हात पुढे केला. तळवा वर.


पट्टी

टोचलं. थेंब आला. पट्टीवर पडला. वर दोन थेंब औषधाचे.

थांबायचं होतं.



एक रेघ आली. ती नेहमीच येते. पट्टी जिवंत आहे एवढंच ती सांगते.



मग दुसरी, डेंग्यूची. आधी इतकी फिकट, की तोरीकाला वाटलं आपण स्वतःच काढतोय. मग उमटत, उमटत, पक्की.

पोनीपाते तिच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता. पट्टीकडे बघत होता.

"हा रंग...?" त्यानं हळूच विचारलं.

"तुझाच," तोरीका म्हणाली.


होडीत

त्याचीच होडी, त्याचंच इंजिन. सुकाणू त्याच्या भावानं धरलं. लग्नाच्या भट्टीचे दगड दुसऱ्या कुणी तरी तापवले आणि डुक्कर अर्धं कच्चं राहिलं, पण ते नंतर कळलं. होडीच्या तळाशी काहीतरी मऊ अंथरायला हवं होतं. वासीतीनं कुत्र्याला उठवलं आणि गादी आणली.

तोरीका त्याच्या उशाशी बसून चमच्या-चमच्यानं पाणी घालत होती. वासीतीनं पाय मांडीवर घेतले होते आणि ते चोळत होती, कारण ते गार होते.

"तौवू," तो म्हणाला. "मुळी माझी होती."

"हो."

"सर्वांत मोठी जुडी."

"हो."

"लाज नाही वाटली?"

"नाही."

त्यानं डोळे मिटले. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, मग तेही मिटलं. लाटा होडीच्या पोटाखाली आपटत राहिल्या. तोरीकानं नाडी धरली. बारीक, घाईत होती. तिनं भावाला खूण केली, आणखी जोरात.

"बोल ना रे," ती म्हणाली. तिनं त्याचा खांदा हलवला. "तौवू. माझ्या गावाला काहीतरी बोल. माझ्या आजीला बोल. शिवी दे की."

बराच वेळ फक्त इंजिन बोललं.

"...देतो," डोळे न उघडता तो पुटपुटला. "जपून वापरतोय. थोड्याच उरल्यात."

वासीती आधी हसली आणि मग रडायला लागली. दोन्ही बायकांनी मान वेगवेगळ्या दिशांना फिरवली.

पलीकडच्या धक्क्यावर डॉक्टर स्वतः उभे होते, स्ट्रेचर घेऊन. रक्त घट्ट होत चाललं होतं, प्लेटलेट खाली गेल्या होत्या. सलाईन लागलं. पहिली रात्र वाईट गेली. दुसरीही. तिसऱ्या सकाळी त्यानं वॉर्डातल्या नर्सला विचारलं, "तू कुठल्या गावची?" तिनं सांगितलं. "नशीब," तो म्हणाला. "आमचं काही नातं नाही. मग जे सांगशील ते ऐकतो."


थट्टा

तो परत आला तो निम्मा होऊन. सुलू कमरेवर टिकत नव्हता. धक्क्यावर तोरीका उभी होती. तिच्याशी एक अक्षर न बोलता तो थेट दवाखान्यात गेला, तिची उशी आणि बाहेरचा कोंबडा काखेत मारले आणि घरी निघून गेला. तोरीकाला इतकं बरं वाटलं, की ती पायरीवर बसून एकटीच हसली.

गादी पुन्हा कुत्र्याकडे गेली. त्याबद्दल काही बोलणंच झालं नाही.

घरामागचं पिंप मात्र पालथं होतं. तोरीका मुद्दाम बघायला गेली. पोनीपाते त्याच्यावर बसून जाळं सांधत होता.

"हे कुणी केलं?" तिनं विचारलं.

"बसायला उंच जागा हवी होती," तो म्हणाला, आणि विषय संपवला.

संध्याकाळी तो दवाखान्यात आला. हातात यांगोनाची एक जुडी होती. निळी दोरी. त्यानं भिंतीवर एक खिळा ठोकला, औषधांच्या कपाटाशेजारी, आणि जुडी त्यावर टांगली.

"हे काय?"

"तुझ्यासाठी. खरं बोलायचं असेल तेव्हा हिला घेऊन ये. दर वेळी माझ्या छपरावर चढू नकोस. पत्रा वाकतो."

"आणि एरवी?"

"एरवी खोटंच बोल. सवय मोडायला नको."

तोरीकानं जुडीकडे नीट पाहिलं. "ही तर सर्वांत लहान आहे."

"तुझं खरंही लहानच असतं. एक थेंब."

तो वळून निघाला. तोरीकानं त्याला दारापर्यंत जाऊ दिलं. मग कपाळाला आठ्या घातल्या, आवाज खाली आणला.

"तौवू. थांब जरा. तुझा डावा कान... किती दिवस असा लोंबतोय?"

पोनीपातेचा हात वर गेला, आणि अर्ध्या वाटेत थांबला. त्यानं मान वळवली. तिच्या चेहऱ्याकडे नाही, भिंतीवरच्या खिळ्याकडे पाहिलं.

जुडी जागच्या जागी होती.